इथे वस्तू स्वस्त, माणसाचा हात महाग

॥ श्री ॥

ॲन आर्बर, मिशिगन
रविवार, 10 नोव्हेंबर 1957

तीर्थरूप बाबा आणि ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार. ती. अण्णा आणि ती. सौ. वहिनींना नमस्कार. चि. बंड्या व चि. बेबीला अनेक आशीर्वाद.

आईचं दिवाळीतलं पत्र परवा हाती पडलं. एरोग्राम इथून 10 सेंटांत जातो, पण त्यात मजकूर मावत नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून एवढं काही विचारलंय की आज पातळ कागदांची चळत घेऊनच बसलोय. पाकिटाला अर्ध्या औंसामागे 25 सेंट पडतात. पडू देत.

आईला आधी भाव सांगतो. पावाची लादी 19-20 सेंट. डझनभर अंडी 55 ते 60 सेंट. (मी खात नाही, काळजी नको.) अर्धा गॅलन, म्हणजे साधारण दोन शेर दूध पन्नास सेंटांच्या आसपास, आणि दूध असं की उकळल्याशिवाय तसंच प्यायचं. साखरेची पाच पौंडांची पिशवी पंचावन्न सेंट. कॉफी मात्र महाग, पौंडाला डॉलरच्या घरात. आता डॉलरला पावणेपाच रुपये धरून तू गुणाकार करत बसशील आणि दोन शेर दुधाला अडीच रुपये म्हणून कपाळाला हात लावशील. तसा हिशेब करू नकोस. मीही पहिले काही महिने प्रत्येक वस्तू रुपयांत मोजत होतो, त्यातून कळत काहीच नाही. इथला हिशेब तासांचा. सरकारने ठरवलेली कमीत कमी मजुरी गेल्या वर्षीपासून तासाला एक डॉलर आहे, आणि डेट्रॉइटच्या मोटारींच्या कारखान्यांतला कामगार तासाला दोन-अडीच डॉलर कमावतो. म्हणजे सगळ्यांत कमी मजुरी घेणाऱ्यानेही अर्धा तास काम केलं की दोन शेर दूध घरी येतं. आपल्याकडच्या मजुराला त्यासाठी किती राबावं लागतं, ते बाबा, तुम्हीच काढा.

उलट जिथे माणसाचा हात लागतो, तिथे सगळं महाग. न्हाव्याकडे गेलं की दीड डॉलर. सात रुपये झाले! म्हणून आम्ही मुलं एकमेकांचे केस कापतो. धोब्याकडे कपडे कुणी टाकत नाही. कोपऱ्यावर दुकान आहे, तिथे यंत्रांची रांग असते. भोकात नाणी टाकायची, वरून साबणाची पूड, अर्ध्या तासात धुणं तयार. शेजारच्या यंत्रात आणखी एक दहा सेंटांचं नाणं टाकलं की वाळून गरमगरम बाहेर. वहिनी, तुला हे यंत्र दाखवावंसं फार वाटतं. दर आठवड्याला तिथे बाकावर बसून काचेतून फिरणारे कपडे बघताना माझ्या डोळ्यांपुढे कृष्णेचा घाट आणि आईचे थंडीत गारठलेले हात येतात.

वाण्याचं दुकानही तसंच. वाणी दिसतच नाही. चाकांची गाडी घ्यायची, फळ्यांवरून आपापलं उचलायचं, दाराशी बाई बसलेली असते ती हिशेब करते. खरेदीवर दहा सेंटांमागे एक याप्रमाणे छोटी हिरवी तिकिटं मिळतात. ती वहीत चिकटवायची. वह्या भरल्या की बदल्यात इस्त्री, दिवा, पांघरूण असं काहीतरी मिळतं. प्राध्यापकांच्या बायकाही ती तिकिटं जपून ठेवतात.

आईने विचारलंय की इथे कामाला बायका मिळतात का. फारच थोड्या घरांत. आमच्या विभागातले नावाजलेले प्राध्यापक, ज्यांची पुस्तकं आपण पुण्याला अभ्यासत होतो, ते शनिवारी स्वतः हिरवळ कापतात. गेल्या महिन्यात पानगळ जोरात होती. घराघरांपुढे बापलेक दाताळ्यांनी पानं ओढून रस्त्याच्या कडेला पेटवत होते, सगळ्या गावात त्या धुराचा वास भरला होता. त्या प्राध्यापकांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा बाईंनी वाढलं, साहेबांनी ताटं धुतली, मी पुसली. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मी राहतो ते विद्यार्थ्यांचं सहकारी घर आहे. बाबा, आपल्या प्रवरेला शेतकऱ्यांनी साखर कारखाना काढला ना, तत्त्व तेच. मुलांनी मिळून घर घ्यायचं, खर्च वाटून घ्यायचा आणि प्रत्येकाने आठवड्यातले ठरलेले तास काम करायचं. कुणी स्वयंपाक, कुणी भांडी, कुणी भट्टीची राख काढणं. डॉक्टरचा मुलगा असो की मजुराचा, पाळी चुकत नाही. त्यामुळे राहणं-खाणं वसतिगृहापेक्षा बरंच स्वस्त पडतं. घरून पैसे मागवायचे नाहीत असं मी ठरवलंय. आपल्याकडे परकीय चलनाची केवढी टंचाई आहे ते इथल्या वर्तमानपत्रांतही येतं. माझ्याकडे रात्रीची भांडी आहेत, आणि रविवारी स्वयंपाक. तूरडाळ मिळत नाही, पण पिवळ्या वाटाण्याची डाळ मिळते. तिला फोडणी दिली, वर लिंबू पिळलं की वरणाची तहान भागते. कोबी, फ्लॉवर, बटाटे मुबलक. ताक बाटलीत विकत मिळतं, त्याचंच विरजण लावून मी दही करतो. आता आयोवाचा मुलगाही भातावर दही घेतो.

या आयोवाच्या मुलाबद्दल थोडं सांगायलाच हवं, तो माझ्या खोलीत राहतो. त्याच्या वडिलांची अडीचशे एकर जमीन आहे आणि ती ते आणि त्यांचा एक मुलगा, असे दोघेच कसतात. गडी नाही, बैल नाही. ट्रॅक्टर आणि मका खुडणारं यंत्र. बाबा, आता जे सांगतो ते मला अजून पचलेलं नाही. इथे धान्य इतकं पिकतं की भाव पडतात, म्हणून सरकारने गेल्या वर्षी कायदा केला. शेतकऱ्याने काही जमीन पडीक ठेवायची आणि त्याबद्दल सरकारने त्याला पैसे द्यायचे. त्याच्या वडिलांनीही काही एकर असे पडीक टाकलेत. सरकारी कोठारं भरून वाहताहेत. गेल्या वर्षी आपल्या सरकारशी करार झाला आणि आपल्या रेशनच्या दुकानांत अमेरिकन गहू आला, तो या साठ्यातला. त्या गव्हाची चपाती वातड होते असं वहिनीने लिहिलं होतं. मी ते या मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, आमच्या घरी ये आणि वडिलांना हे सांग. 28 तारखेला इथला थँक्सगिव्हिंगचा सण आहे, तेव्हा मी त्याच्याबरोबर आयोवाला जाणार आहे.

अण्णा, आता तुझ्यासाठी. 1 तारखेला मॅकिनॉचा पूल रहदारीला खुला झाला, आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही चौघं एका वर्गमित्राच्या जुन्या फोर्डमधून तो बघायला गेलो. पावणेतीनशे मैल. पेट्रोल गॅलनला 30 सेंटांच्या आसपास, चौघांत वाटून काहीच वाटलं नाही. मिशिगन राज्याचे दोन तुकडे आहेत आणि मधे मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन सरोवरं जोडणारी सामुद्रधुनी. सरोवरं म्हणायची, पण पलीकडचा काठ दिसत नाही आणि लाटा कोकणच्या किनाऱ्यासारख्या. आजवर मोटारी बोटींवर चढवून नेत. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला की बोटीसाठी गाड्यांची रांग मैलोन् मैल लागायची. आता पाच मैलांचा पूल झालाय. मधला लोंबता भाग दोन्ही टोकांच्या नांगरांपर्यंत मोजला तर 8,614 फूट, मुख्य गाळा 3,800 फूट, मनोरे पाण्याच्या वर 552 फूट. डेव्हिड स्टाइनमन यांचा आराखडा. 1954 मध्ये काम सुरू झालं आणि हिवाळ्यात पाणी गोठत असताना, काम बंद ठेवत ठेवत साडेतीन वर्षांत पुरं झालं.

पायाचं काम वाचून मी थक्क झालो. पोलादाच्या प्रचंड विहिरी तरंगत आणून बुडवल्या आणि पाण्याखाली दोनशे फुटांहून खोल खडकापर्यंत नेल्या. मग त्यांत नेहमीसारखं काँक्रीट ओतलं नाही. आधी खडी भरली, आणि नळ्यांतून सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ कालवण, खालून वर दाबत नेलं. ग्राउट चढत गेलं तसं खडीच्या फटींतलं पाणी बाहेर पडलं. पाण्याखाली इतक्या झपाट्याने काम होण्याचं कारण हेच. कोयनेच्या तुमच्या साहेबांच्या कानावर हे घाल. मी माहितीपत्रकं जमवली आहेत, वेगळ्या पाकिटाने बोटीच्या टपालाने पाठवतो.

एकेका केबलमध्ये 12,580 तारा आहेत, केबलची जाडी साडेचोवीस इंच. सगळी तार सलग धरली तर 42,000 मैल, पृथ्वीला दीड फेऱ्यांहून जास्त. पण मला सगळ्यांत मोलाची वाटली ती रस्त्याची रचना. 7 नोव्हेंबर 1940 ला वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमाचा पूल साध्या वाऱ्याने पिळवटून कोसळला होता. त्याची फिल्म आम्हाला वर्गात दाखवली आहे. तो धडा इथे पुरता गिरवलाय. मधल्या दोन पट्ट्यांत रस्ता भरीव नाहीच, पोलादी जाळी आहे, म्हणजे वारा खालून वर निघून जातो. आमची गाडी त्या जाळीवर गेली तशी चाकांचा एकदम घूं घूं आवाज सुरू झाला. दार किंचित उघडून खाली पाहिलं तर जाळीतून थेट हिरवंगार पाणी, दोनशे फूट खाली, त्यावर पांढऱ्या लाटांच्या रेघा. टोल पावणेचार डॉलर, जवळजवळ अठरा रुपये. लोक हसत भरत होते. बांधताना पाच कामगार मेले, त्यांच्याविषयी मात्र त्या दिवशी मी कुणाकडून काही ऐकलं नाही.

परतताना रात्रभर एकच विचार डोक्यात होता. इथे यंत्र आणतात, कारण माणूस परवडत नाही. आपल्याकडे धरणाच्या कामावर बायका दिवसभर डोक्यावरून घमेली वाहतात, कारण माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. अण्णा, तू म्हणशील की उद्या यंत्रं आणली तर त्या बायांनी खायचं काय? खरं आहे, मलाही त्याचं उत्तर देता येत नाही. पण घमेलं वाहणाऱ्या बाईच्या तासाची किंमत वाढल्याशिवाय तिच्यासाठी कुणी चाकाची गाडीसुद्धा आणणार नाही, हे मात्र इथे राहून मला पक्कं पटलंय. परत आल्यावर मला कोयनेवरच काम करायचंय आणि तिथे तुझ्याशी यावर कडाडून वाद घालायचाय.

बंड्या, तुझी स्पुटनिकची आठ पानं मिळाली. हो, मी तो आवाज ऐकला. इथल्या रेडिओवर 4 ऑक्टोबरच्या रात्रीपासून तेच चाललं होतं, बीप बीप बीप. 184 पौंडांचा गोळा, 96 मिनिटांत पृथ्वीची एक फेरी. आणि गेल्या रविवारी रशियनांनी दुसरा सोडला, अकराशे पौंडांवर वजनाचा, त्यात लाइका नावाची कुत्री. आमच्या घरातली मुलं त्या कुत्रीसाठी हळहळतात, आणि त्याच दमात म्हणतात की एवढं वजन वर नेणारा अग्निबाण बॉम्बही कुठेही नेईल. या देशाला मी घाबरलेलं पहिल्यांदाच बघतोय. वर्तमानपत्रांत रोज एकच विषय, आमच्या शाळांत गणित आणि विज्ञान कच्चं राहिलं. मिशिगनच्या गव्हर्नरांनी तर स्पुटनिकवर कविताच केली आणि त्यात अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या गोल्फ खेळण्यावर टोला मारला. अध्यक्षांविरुद्ध असं उघड लिहूनही कुणाचं काही बिघडत नाही, हे मला फार आवडतं. परवा गुरुवारी अध्यक्ष स्वतः टेलिव्हिजनवर बोलले. अंतराळातून परत मिळवलेलं अग्निबाणाचं टोक शेजारी ठेवून दाखवलं, आणि एम.आय.टी.चे किलियन यांना विज्ञानाचे सल्लागार नेमल्याचं जाहीर केलं. खालच्या बैठकीत आम्ही सगळे दाटीवाटीने बसून बघत होतो. तू गणित सोडू नकोस, एवढंच सांगतो.

टेलिव्हिजन म्हणजे घरातल्या पेटीत बोलपट. चित्र काळंपांढरं, रंगीत पेट्या निघाल्यात, पण फार महाग. रविवारी रात्री आठला एड सुलिव्हनचा कार्यक्रम लागतो तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बेबीला एल्व्हिस प्रेस्लीचं नाव कुठून कळलं? तो गातो चांगला. जानेवारीत त्या कार्यक्रमात त्याला कमरेच्या वरच दाखवलं होतं, कारण तो नाचतो तसं घरोघर दाखवणं लोकांना पसंत नव्हतं. मुली त्याला बघून किंचाळतात. मला मात्र आमच्याच घरातल्या एकाने लावलेल्या निग्रो गायकांच्या तबकड्या जास्त आवडल्या. त्या लोकांच्या आवाजात दुःख आणि ताल एकत्र येतात.

आणि त्यावरूनच, बाबा, लिटल रॉकबद्दल. तुम्ही केसरीत वाचलंच असेल. वर्णभेदाच्या शाळा बेकायदा, हा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच दिलाय. तरी आर्कान्साच्या गव्हर्नरांनी नऊ निग्रो मुलामुलींना शाळेत जाऊ दिलं नाही, दाराशी राज्याचे सैनिक उभे केले. 23 सप्टेंबरला ती मुलं आत गेली तर बाहेर जमावाने धिंगाणा घातला आणि पोलिसांना त्यांना मधूनच बाहेर काढावं लागलं. शेवटी अध्यक्षांनी फौज पाठवली. हजारावर छत्रीधारी सैनिक! संगिनी लावलेल्या सैनिकांच्या मधून वह्या छातीशी धरून चाललेल्या मुलींचे फोटो मी पाहिले. बेबीएवढ्याच असतील.

बंड्या, याला जोडून तुला एक सांगतो, कारण तुला खेळाचं वेड आहे. त्याच 23 सप्टेंबरला मिलवॉकीच्या ब्रेव्ह्ज संघाचा बेसबॉलचा सामना होता. अकराव्या डावात हँक ॲरनने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला आणि संघ आपल्या गटात पहिला आला. गोऱ्या खेळाडूंनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. ॲरन तेवीस वर्षांचा निग्रो मुलगा, अलाबामाचा. एकाच दिवशी, एकाच देशात, एकाला खांद्यावर आणि नऊ मुलांना शाळेबाहेर. पुढे ऑक्टोबरात ब्रेव्ह्जनी बलाढ्य न्यूयॉर्क यँकीजना चार-तीन असं हरवलं, त्यात ॲरनचे तीन होमरन होते.

इथे उत्तरेत कायदा आडवा येत नाही, माणसं येतात. माझा एक मित्र घानाचा आहे. त्याचा देश याच मार्चमध्ये स्वतंत्र झाला. तो खोली शोधत होता तेव्हा मी बरोबर गेलो होतो. फोनवर खोली रिकामी होती, दाराशी गेल्यावर भरलेली निघाली. त्याने टोपी काढून नमस्कार केला आणि पायऱ्या उतरला. मला साडी-धोतराच्या देशाचा म्हणून कुतूहलाने वागवतात, त्याला तसं नाही. त्या संध्याकाळी आमच्या सहकारी घराच्या सभेत मुलांनी एकमताने त्याला जागा दिली. पण रस्त्यात मी त्याला काही बोलू शकलो नाही, कारण पाटलाच्या विहिरीवर कुणाला पाणी भरू देत नाहीत ते मला ठाऊक होतं. बाबा, तुम्ही शाळेत महारवाड्यातल्या मुलांना पुढच्या बाकावर बसवलंत तेव्हा गाव तुमच्याशी कसं वागलं, ते मी त्याला नंतर सांगितलं. तुमची शाळा बघायला येईन म्हणतो.

आशियाई फ्लू इथेही जोरात होता, वर्ग अर्धे रिकामे पडायचे. मला लागण झाली नाही, लस टोचून घेतली होती. बेबीला आणि अण्णाच्या पोराला जपा. पोलिओच्या लसीचं अण्णाने विचारलंय. साल्क यांची लस गुणकारी ठरल्याचं 12 एप्रिल 1955 ला इथल्याच रॅकहॅम सभागृहात जाहीर झालं होतं. ती इमारत रोज माझ्या वाटेत लागते. आता इथली बहुतेक शाळकरी मुलं ती टोचून घेतात. मुंबईत ती कुठे मिळेल ते मामाला जे. जे.मध्ये विचारायला सांगा. लांबणीवर टाकू नका.

30 तारखेला पंडितजी प्रतापगडावर महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला येणार आणि संयुक्त महाराष्ट्र समिती निदर्शनं करणार, असं बंड्या लिहितो. बाबा, तुम्ही जाणार असाल तर थंडीचे कपडे घेऊन जा, गडावर वारा फार असतो. काय काय झालं ते मला सविस्तर कळवा. इथल्या वर्तमानपत्रांत संयुक्त महाराष्ट्राबद्दल एक ओळ येत नाही. केसरीची कात्रणं बोटीच्या टपालाने पाठवली तरी चालतील.

जानेवारीत पुण्याचा एक मुलगा इकडे यायचा आहे, त्याच्याबरोबर गोडा मसाला आणि थोडा हिंग द्यावा. लोणचं नको, बाटली फुटते. आईने स्वेटर पाठवू नये. इथे डिसेंबरात शून्याखाली उतरतं, त्यासाठी मी जुन्या बाजारातून सैनिकी कोट घेतलाय, चांगला जाड आहे. बाबांनी रक्तदाब तपासून आकडा लिहून कळवावा, "बरा आहे" असं नको.

रात्रीची भांडी वाट बघताहेत, इथेच थांबतो. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद. उलट टपाली उत्तर द्यावं.

आपला,
बाळ

ता. क. वहिनी, हिरव्या तिकिटांच्या वह्या भरत आल्या आहेत. विजेची इस्त्री मिळते, पण इथली वीज 110 व्होल्टची आणि आपली 230, ती तिकडे चालणार नाही. म्हणून तुझ्यासाठी पांघरूण घेतो. कुठला रंग हवा ते कळव.